महादूच्या खुलाशातले शेवटचे वाक्य

त्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे मुलुंडच्या टेकडीखालील देवळाच्या ओवरीत अर्ज लिहीत बसलो होतो. समोर पाच-सहा माणसे होती. पहिली एक आजी होती, तिचे नाव शिधापत्रिकेवरून गळले होते. तिचे बोलणे ऐकत असतानाच फोन वाजला. पलीकडे सुगंधा होती, महादूची लेक. "सर, बाबा गेले... पहाटे," एवढेच ती बोलली. तिला इकडचा माणसांचा आवाज ऐकू गेला असावा. ती म्हणाली, "आज गुरुवार ना? मग आधी लोकांचं उरका. घाई करू नका. बाबा असते तर म्हणाले असते, रांगेतल्या माणसाला परत पाठवायचं नाही." मी आजीचा अर्ज पुरा केला, इतरांचेही केले, आणि मगच पाड्याची वाट धरली. महादूला निरोप देण्याची याहून उचित रीत मला आजही सुचत नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. महादू वरठा हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले होते, पण त्याखाली जे छापले होते ते खरे नव्हते. आणि खरे काय ते ठरले तेव्हा छायाचित्र छापावे असे कोणाला वाटले नाही. तेवढ्यासाठी तरी मला हे लिहिणे भाग आहे. दुसरेही एक कारण आहे, आणि ते माझ्या लेखणीशी निगडित आहे. ते यथाक्रम येईल.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि टेकडीच्या पाड्यावरची माणसे कचेऱ्यांच्या कागदांनी गांजलेली दिसली, तेव्हा दर गुरुवारी देवळात बसून अर्ज लिहून देण्याचा नेम धरला. महादू तिथेच पहिल्यांदा भेटला. तो वारली समाजाचा, पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात हवालदार. आईला घेऊन आला होता. अंगावर गणवेश होता, तरी रांगेत मागे उभा राहिला. लोकांनी पुढे जायला सांगितले तर हसून म्हणाला, "वर्दी पुढे गेली तर चालेल, पण आई मागेच राहील ना?" आईचा अर्ज लिहून झाल्यावर त्याने तो शब्दन् शब्द वाचला आणि मगच तिचा अंगठा उमटवू दिला. मला किंचित राग आला होता, हे कबूल करतो. माझ्या मसुद्यात तपासण्यासारखे काय असते, असा तो अभिमानाचा राग होता.

त्याच्या खांद्याला एक जुनी ॲल्युमिनियमची बाटली असे, ओल्या किंतानात शिवलेली. पाड्यावर त्याच्या वडिलांचा दंडक होता, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग नाव विचारायचे. महादूने तो दंडक पोलीस कोठडीपर्यंत नेला. त्याचा पहारा असला की कोठडीत आलेल्या माणसाच्या हाती पहिल्याने पाणी पडे. सहकारी त्याला 'पाणपोई' म्हणत. "काय रे पाणपोई, आज किती गिऱ्हाईकं?" असे कोणी विचारले की हा म्हणे, "तुम्ही आणाल तेवढी, साहेब. माल तुमचा, पाणी माझं." या गमती तो मला रंगवून सांगे, आणि मीही हसत असे.

एका दुपारी कांजूरमार्गच्या एका गोदामातल्या चोरीच्या संशयावरून संतोष नावाच्या हमालाला ठाण्यात आणले गेले. संध्याकाळपर्यंत त्याचा डावा हात मनगटापाशी मोडलेला होता. पहाऱ्यावर महादू होता. चौकशीच्या खोलीवरचा कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता. खोलीत साध्या वेशातले दोन अंमलदार होते असे मागाहून कळले, पण त्या वेळी नाव एकच पुढे आले. महादू निलंबित झाला, त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. एका वर्तमानपत्राने त्याच्या जमातीचा उल्लेख करून 'रानातला राग ठाण्यात' अशा अर्थाचे काहीतरी लिहिले. आमच्या सोसायटीतही चर्चा झाली. एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "पोलिसांना कसले आलेत हक्क? ते दुसऱ्यांचे मारतात." मला त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटले नाही. मोडलेला हात खरा होता, त्याच्या वेदना खऱ्या होत्या. कोठडीत मार खाल्लेल्या गरिबाची बाजू घ्यायची की ज्याच्यावर बोट रोखले आहे त्याची, या पेचात मी आठवडाभर राहिलो.

पुढच्या गुरुवारी महादू आला. गणवेशाविना मी त्याला प्रथमच पाहत होतो. या वेळीही तो रांगेत मागेच बसला. त्याची पाळी आली तेव्हा मी कागद न उचलता विचारले, "महादू, त्या मुलाला तू मारलेस का?"

तो म्हणाला, "नाही, सर." आणि पुढे, "इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

मी पुष्कळ शास्त्रार्थ ऐकले आहेत. आमच्या विद्येची शिस्त अशी की समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण आणि प्रामाणिकपणे मांडायचे. तो पूर्वपक्ष. तो मांडल्यावाचून सिद्धान्ताला हात घालणे म्हणजे वादाच्या सभेतून उठवले जाण्याजोगा दोष. आणि इथे एका माणसाची नोकरी, अब्रू आणि मोकळेपण पणाला लागले होते, तरी त्याचा पूर्वपक्ष कोणी ऐकलाच नव्हता. माझा पेच त्या क्षणी सुटला. संतोषला न्याय मिळायचा तर खरा मारणारा सापडला पाहिजे, आणि तो सापडायचा तर महादूला विचारले पाहिजे. या दोन वेगळ्या बाजू नव्हत्याच.

विभागीय चौकशीची नोटीस त्याने बरोबर आणली होती. थोड्या दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. पोलिसांच्या कागदात अशा माणसाला 'कसूरदार' म्हणतात. कसूर ठरण्याआधीच ते नाव त्याच्या माथी बसते. मी दोन दिवस खपून चार पाने लिहिली. पाणी संपले म्हणून महादू अंगणातल्या नळावर बाटली भरायला गेला होता, परत आला तो ओरडणे ऐकू आले, त्याने लगेच वरिष्ठांना कळवले, हे सारे क्रमवार मांडले. संतोषची साक्ष घ्यावी अशी मागणी केली. आणि शेवटी, माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी असे तसे, एक वाक्य घातले. पूजा यथासांग झाल्यावर आपण न्यूनाधिकाची क्षमा मागतो. त्याच संस्काराने मी लिहीत आलो होतो. या वेळी प्रसंग मोठा, म्हणून वाक्यही भरघोस झाले: 'माझ्या हातून कळत-नकळत काही अपराध घडला असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी, ही नम्र विनंती.'

महादूने चारही पाने वाचली. शेवटच्या ओळीपाशी तो बराच थांबला... माझ्याकडे पाहिले... आणि सही केली. त्याला गहिवरून आले असावे, असा मी समज करून घेतला.

चौकशीचा निकाल आला तो तीन परिच्छेदांचा होता. कसूरदाराने स्वतःच अपराधाची कबुली देऊन क्षमा मागितली असल्याने साक्षीदार बोलावण्याची आवश्यकता उरत नाही, दोष सिद्ध, सेवेतून बडतर्फ. आमच्या चार पानांतली बाकी एकही ओळ त्यात नव्हती. माझ्या वाक्याखाली मात्र लाल शाईची जाड रेघ होती.

घाटकोपरला, एका फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर, राणे नावाच्या वकीलबाईंची कचेरी होती. बाई मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत होते. त्यांच्याकडे महादूला मीच घेऊन गेलो. त्यांनी खुलासा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे कोणी लिहिलं?"

मी म्हणालो, "मी."

"अरे देवा! ह्या काय केल्यात तुमी, शास्त्रीबुवा?" संतापात बाई थेट मालवणीवर आल्या, मग सावरल्या. "आरती झाली, आता प्रसाद वाटा! अहो, आरोपाला उत्तर देताना माफी कशाची मागता?"

"ती नम्रतेची रीत आहे," मी म्हणालो.

"देवापुढे. देवाला सगळं माहीत असतं, म्हणून त्याच्यापुढे माफी मागून चालतं. इथल्या साहेबाला काहीच माहीत नसतं, सर. त्याला आधी सांगावं लागतं, दाखवावं लागतं, आणि त्यानं ऐकलं नाही तर ऐकायला लावावं लागतं." मग त्या महादूकडे वळल्या. "आणि तू रे? वीस वर्षं लोकांचे जबाब लिहितोयस. तुला कळलं नाही?"

महादू नुसता हसला. म्हणाला, "मॅडम, चहा सांगू का खाली?"

"विषय बदलू नकोस. सांग, तीन कटिंग. आणि ह्यांना साखर जास्त सांग, तोंड बघ कसं झालंय."

साठ वर्षे जी भाषा मी पवित्र मानली, तिने एका निरपराध माणसाची भाकरी हिरावली होती. परतताना महादूच माझी पिशवी घेऊन पुढे चालत होता, आणि रस्ता ओलांडताना माझा हात धरत होता.

राणेबाईंनी दोन्ही आघाड्या धरल्या. बडतर्फीविरुद्ध अपील केले आणि न्यायालयातला खटलाही लढवला. तिथेही सरकारी वकिलांनी तोच खुलासा पुढे केला. "आरोपीने लेखी क्षमा मागितली आहे," ते म्हणाले. त्यावर बाईंनी मला साक्षीला उभे केले. आदल्या आठवड्यात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "सर, तुम्ही लिहिलेल्या अर्जांच्या प्रती ठेवता का?" मी ठेवतो. प्रत्येक अर्जाखाली कार्बन घालून एक प्रत काढण्याची माझी सवय आहे, आणि त्या प्रती मी तारखांच्या क्रमाने बासनात बांधून ठेवतो. घरची मंडळी त्याला 'रद्दीची पोथी' म्हणतात. ती पोथी घेऊन मी न्यायालयात गेलो.

मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. बाईंनी विचारले, "हे वाक्य कोणाचे?" मी म्हणालो, "माझे. शब्दही माझे आणि प्रमादही माझाच." "असे वाक्य तुम्ही आणखी कुठे लिहिले आहे?" मी बासन सोडले. बाई एकेक प्रत उचलून वाचू लागल्या. शिधापत्रिकेसाठी एका म्हातारीचा अर्ज: काही अपराध घडला असल्यास क्षमा असावी. नळजोडणीसाठी अर्ज: क्षमा असावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, विधवेच्या निवृत्तिवेतनासाठी, देवळापुढचा दिवा दुरुस्त करण्यासाठी... क्षमा, क्षमा, क्षमा. न्यायालयात हसू पिकले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवा दुरुस्त करा म्हणून सांगणाऱ्या पुजाऱ्याने कोणता गुन्हा कबूल केला होता, हे सरकारी पक्षाने सांगावे." न्यायाधीशांनी स्वतः काही प्रती मागून घेतल्या आणि पाने उलटीत बराच वेळ वाचल्या. जे वाक्य महादूला घेऊन बुडाले होते, त्याच वाक्याच्या ढिगाने त्याला वर काढायला आरंभ केला.

नंतर संतोषची उलटतपासणी झाली. इतक्या काळात त्याला एकदाच बोलावून जबाबावर सही घेतली होती. मारणारा कोण, हे समोर माणूस उभा करून कोणी विचारलेच नव्हते. बाईंनी महादूकडे बोट करून विचारले, "यांना ओळखता?" संतोष चटकन म्हणाला, "हो. हे पाणीवाले." "म्हणजे?" "आल्या आल्या यांनी पाणी दिलं. मग नाव विचारलं, जेवलास का विचारलं. बाटली संपली म्हणून भरायला गेले. मारणारे दुसरे होते, साध्या कपड्यातले." सरकारी वकील उठले, "हे आधी का सांगितले नाही?" संतोष म्हणाला, "विचारलंच नाही ना कोणी, साहेब. 'पोलिसांनी मारलं का' विचारलं, मी हो म्हटलं."

महादूला जे वाटले होते तेच या हमालालाही वाटत होते. दोघांनाही कोणी विचारले नव्हते. एक कोठडीच्या आत होता, एक बाहेर. पण न ऐकून घेण्याची भिंत दोघांभोवती एकच होती. निकालात महादू निर्दोष ठरला. काही महिन्यांनी बडतर्फीचा आदेशही रद्द झाला आणि तो पुन्हा कामावर रुजू झाला. सेवेचे थोडकेच दिवस उरले होते, पण ते त्याने ताठ मानेने पुरे केले.

त्या दोन अंमलदारांवर पुढे कारवाई सुरू झाली. पाड्यावर काहींना त्याचा आनंद झाला. "आता त्यांची वाट लागू दे," असे कोणी म्हणाले, तेव्हा महादू आवाज चढवून बोललेला मी प्रथमच ऐकला. "त्यांनी केलं असेल तर शिक्षा होऊ दे. पण आधी त्यांना विचारू दे. मला नाही विचारलं, म्हणून त्यांनाही विचारू नका म्हणाल, तर मी कशासाठी भांडलो?" विधीचा हा अर्थ मला कोणत्याही ग्रंथातून इतका उघड झाला नव्हता.

निवृत्त झाल्यावर तो दर गुरुवारी देवळात येऊ लागला. रांग लावणे, कागद जुळवणे, आलेल्यांना पाणी देणे ही कामे त्याने आपणहून घेतली. एकदा सगळी गेल्यावर आम्ही दोघेच उरलो आणि मी धीर करून ते विचारले, जे इतकी वर्षे विचारायचे राहिले होते. "महादू, ते वाक्य तू वाचलेस, थांबलास. तुला धोका कळला होता. मग खोडले का नाहीस? माझ्या भिडेने?"

त्याने बाटलीचे बूच लावले. म्हणाला, "थोडी भीड होती, सर. पण खरं सांगू? मला ते वाक्य पटलं होतं. पहारा माझा होता. मी नळावर गेलो आणि पोराचा हात मोडला. मी मारलं नाही, पण मी तिथं नव्हतो. त्याची माफी मला कुणाकडे तरी मागायचीच होती."

"मग संतोषकडे मागायची."

"मागितली की. निकालानंतर त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं काय केलं माहितीय? आधी पाणी दिलं." आणि तो इतका मनापासून हसला की ओवरीतली कबुतरे उडाली. "तुमचं वाक्य बरोबर होतं, सर. फक्त पत्ता चुकला."

गेल्या पावसाळ्याअखेर त्याला काविळीने गाठले. शेवटच्या भेटीत रुग्णालयात तो फार बोलू शकत नव्हता. मी खाटेपाशी बसलो तर त्याने डोळ्यांनी सुगंधाला खुणावले. तिने पेल्यात पाणी ओतून माझ्या हाती दिले. मी ते पिऊन होईपर्यंत तो समाधानाने पाहत होता, आणि मगच त्याने डोळे मिटले.

ती बाटली सुगंधाने तेराव्यानंतर ओवरीत आणून ठेवली. किंतान नवे शिवले आहे. गुरुवारी ती सकाळीच भरते आणि खुंटीला अडकवते. नेम चालू आहे. माझे अर्ज आता त्या वाक्यावाचून संपतात. क्षमेची प्रार्थना मी पूजेच्या शेवटी करतो, आणि तिच्यात एक नाव अधिक असते.

गेल्या गुरुवारी एक तरुण पोलीस शिपाई आली होती, ठाणे जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची. हातात नोटीस होती, तिच्यावर तोच शब्द, 'कसूरदार'. बसताच ती भराभर सांगू लागली, मी काय लिहावे, साहेबांना काय आवडेल, माफी मागितली तर सुटेन का... मी तिला थांबवले. खुंटीवरची बाटली काढून पाणी दिले. ती प्यायली. मग नाव विचारले. मग म्हणालो, "तू केलेस का ते आधी सांग. नंतर काय घडले ते सगळे सांग, घाई नाही." ती दीड तास बोलत होती. मी लिहून काढले. अखेरच्या ओळीशी आलो तेव्हा जुन्या सवयीने लेखणी क्षणभर पुढे सरकू पाहत होती. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि कागद तिच्याकडे वळवला.

"आता तू वाच," मी म्हणालो, "आणि जे पटणार नाही ते बेलाशक खोड."